घरपट्टीचं बिल कधी वाचलंय का?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा होती. आमची इमारत जुहूतली खरी, पण सिनेमातल्या बंगल्यांचं जुहू डोळ्यांपुढे आणू नका. चार मजले, लिफ्ट नाही, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशी बेताची घरं. तळमजल्याच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. चहाचं माझ्याकडे होतं, आणि मदतीला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी थांबल्या होत्या.

विषय निघाला महानगरपालिकेच्या बिलाचा. सेक्रेटरीकाका आधीच तापलेले. पलीकडच्या वस्तीतल्या बायका आणखी एका नळासाठी पालिकेकडे अर्ज करणार आहेत, असं कुठून तरी त्यांच्या कानावर आलं होतं. "टॅक्स भरायचा आपण, आणि नळ मागायचे ह्यांनी!" ते म्हणाले. "जो भरतो त्यानंच बोलावं. बाकीच्यांना काय अधिकार?" चार माना डोलल्या. मावशी कपबश्या गोळा करत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

त्या अर्जावर मावशींची सही दुसरी होती. मला कसं माहीत? अहो, अर्ज मीच लिहून दिला होता! आणि तरीही सभेत मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता मावशी म्हणाल्या, "ताई, तो अर्ज राहू द्या. काका म्हणाले ते खरंच आहे. आम्ही काही भरत नाही, मग मागायचं कुठल्या तोंडानं?"

मैत्रिणींनो, मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेय. शाळेत अर्धवेळ शिकवते, सहावीच्या वर्गाला नागरिकशास्त्रसुद्धा. 'महापौर हा शहराचा प्रथम नागरिक असतो' हे वाक्य मी किती वह्यांमध्ये तपासलं असेल! पण पालिका चालते कशावर, पैसे कुणाचे, आणि ते खर्च करायचं ठरवतं कोण, हे कुणी विचारलं तर मला धड सांगता येईना. आमचे हे सोसायटीच्या कमिटीवर आहेत, त्यामुळे फाइल घरातच होती. रात्री सगळं आवरल्यावर ती उघडून बसले. लग्नाला बारा वर्षं झाली, पण हे बिल मी पहिल्यांदाच वाचत होते.

तुम्हीही एकदा वाचून पाहा. किराण्याच्या यादीसारखंच असतं ते. वर्षाचं बिल दोन सहामाह्यांत विभागलेलं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. आपण नुसता 'मालमत्ता कर' म्हणतो, पण त्याच्या पोटात कितीतरी कर असतात. सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. जल कर आणि जललाभ कर हे वेगळे कशाला, असं मलाही वाटलं. जल कर पाण्याचा, आणि जललाभ कर जलवाहिन्या, जलाशय अशा मोठ्या कामांच्या खर्चासाठी. इमारतीला मीटर असेल तर वापरलेल्या पाण्याचं बिल वेगळं येतं, आणि त्यात पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के मलनिःसारण आकार जोडलेला असतो. म्हणजे पाणी आणायचे पैसे आणि सांडलेलं पाणी वाहून न्यायचेही पैसे. राज्य शिक्षण उपकर पालिका फक्त गोळा करते आणि राज्य सरकारकडे भरते. घराचं मोल २०१० पासून भांडवली मूल्यावर धरलं जातं, पूर्वी ते भाड्यावर धरत.

वाचता वाचता मी एका ओळीशी अडखळले. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर पूर्ण माफ झाला आहे. आणि आमचं घर आहे ४८० फुटांचं! आमच्या इमारतीतल्या सोळा घरांपैकी बारा घरं याच मापाची. काकांचं कोपऱ्यावरचं घर मोठं आहे, ते कर भरतात, तेव्हा त्यांचं बोलणं त्यांच्यापुरतं खोटं नव्हतं. पण माना डोलावणाऱ्यांपैकी बहुतेकांनी, आणि गप्प बसलेल्या माझ्या घरानंही, गेली काही वर्षं मालमत्ता करापोटी एक रुपया भरलेला नव्हता. 'जो भरतो त्यानंच बोलावं' हा नियम लावला असता तर आधी मलाच उठून जावं लागलं असतं. मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

मग पालिका चालते तरी कशावर? चला, आपण घरखर्चाची वही लिहितो तसा हिशेब मांडू. पालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक होतं सुमारे ७४,४०० कोटी रुपयांचं. आपल्या डोक्यात हा आकडा मावायचा नाही, म्हणून मी तो शंभर रुपयांवर आणला. त्या वर्षी महसुली उत्पन्नाच्या दर शंभर रुपयांमध्ये धरलेले होते मालमत्ता कराचे फक्त १२ रुपये. बांधकामाच्या परवानग्या, जादा चटईक्षेत्राचं अधिमूल्य असे विकास नियोजन खात्याचे सुमारे २२. पाणी आणि मलनिःसारण मिळून ५ ते ६. बँकेतल्या ठेवींवरच्या व्याजाचे ५. आणि सगळ्यांत मोठा वाटा, ३३ रुपये, जकातीऐवजी राज्य सरकारकडून मिळणाऱ्या भरपाईचा. उरलेले शुल्क, अनुदानं, येणी असे किरकोळ.

जकात आठवते ना? दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागायच्या. शहरात येणाऱ्या मालावर पालिका कर घ्यायची, व्यापारी तो किमतीत धरायचा, आणि शेवटी तो आपल्याच पिशवीतून जायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई राज्य सरकार पालिकेला दरमहा देतं, आणि दर वर्षी ती ८ टक्क्यांनी वाढवून द्यायची असं कायद्यात ठरलं आहे.

आता हा जीएसटी भरतं कोण? तुम्ही आणि मी तर भरतोच. पण मावशी साबणाची वडी घेतात, मुलाला वह्यांबरोबर कंपास घेतात, दिवाळीला कुकर घेतात, मोबाइलमध्ये पैसे टाकतात, त्या प्रत्येक वेळी त्याही भरतातच. फक्त त्यांच्या नावानं बिल फाटत नाही. शिवाय त्यांच्या वस्तीत काही घरं मिळून एक नळजोडणी आहे, तिचे पैसे त्या दरमहा मोजून देतात. इमारतीतल्या घरांना पालिकेचं पाणी हजार लिटरला सहा रुपयांच्या आसपास पडतं, वस्तीतला दर त्याहूनही कमी आहे. पण नळ कमी आणि माणसं जास्त झाली की पाणी कॅननं विकत घ्यावं लागतं, आणि तिथे वीस लिटरलाच त्याहून जास्त पैसे मोजावे लागतात. तेव्हा 'फुकट' कोण, हे तुम्हीच ठरवा.

या जकातीच्या गोष्टीत मला आणखी एक गोष्ट आपल्या ओळखीची वाटली. आमच्या घरखर्चाचे पैसे हे देतात, त्यात कधी कुचराई नसते. पण शाळेचा माझा जो थोडासा पगार येतो ना, तो हातात पडला की खर्च करताना कुणाकडे बघावं लागत नाही. जकात ही पालिकेची स्वतःची कमाई होती. भरपाई म्हणजे दर महिन्याला वरून येणारे पैसे. रक्कम मोठी असली तरी देणारा हात दुसऱ्याचा. हा फरक पुरुषांना सभेत समजावून सांगावा लागतो, आपल्याला एका वाक्यात कळतो.

आता खर्चाची बाजू. त्याच २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात शंभरातले ५८ रुपये मोठ्या बांधकामांसाठी होते. सागरी किनारा रस्ता, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं, रस्त्यांचं काँक्रिटीकरण. उरलेल्यात पगार, निवृत्तिवेतन, रुग्णालयं, शाळा, कचरा, दिवे. एवढी मोठी कामं चालू उत्पन्नात बसत नाहीत, म्हणून पालिका आपल्या ठेवींना हात घालते. २०२५ साली या ठेवी ८० हजार कोटींच्या वर होत्या, पण अंगावर घेतलेल्या कामांचा खर्च दोन लाख कोटींहून अधिक होता. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडून घराचं छप्पर घालायला काढलं, तर छप्पर हवंच असतं, पण त्याआधी घरातल्या चार माणसांनी बसून बोलायचं असतं. तसंच हेही.

आपल्या जुहूपुरतं बघा. पावसाळ्यात भरतीच्या वेळी समुद्र इर्ला नाल्यात शिरू नये आणि साठलेलं पाणी बाहेर फेकलं जावं म्हणून इर्ल्याला उदंचन केंद्र आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस आठवला की या केंद्राची किंमत कळते. कूपर रुग्णालय पालिकेचं. चौपाटीवरचा कचरा उचलणं पालिकेकडे. नळाचं पाणी येतं सात तलावांमधून. विहार आणि तुळशी शहरातच आहेत, बाकीची तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा, पार ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरांकडून. पोलिस मात्र राज्य सरकारचे, लोकल आणि जुहूचा विमानतळ केंद्राचा. म्हणजे तक्रार कुठे न्यायची हे आधी कळलं पाहिजे, नाही तर हेलपाटे ठरलेलेच.

आता मुख्य प्रश्न. ठरवतं कोण? मी मुलांना शिकवत होते महापौर. पण महापौर सभागृह चालवतात, कारभाराची सूत्रं असतात आयुक्तांकडे, आणि आयुक्त हे राज्य सरकारनं नेमलेले सनदी अधिकारी. हे सारं ठरलं आहे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात, आणि तो कायदा, पुष्कळ दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. त्याप्रमाणे आयुक्त ५ फेब्रुवारीपर्यंत पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात. शिक्षणाचं वेगळं, पाणी-मलनिःसारणाचं वेगळं. समिती ते तपासते, कमी-जास्त करते, मग ते २२७ निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सभागृहापुढे जातं. मोठ्या कंत्राटांनाही स्थायी समितीची संमती लागते. म्हणून तिला पालिकेची तिजोरी म्हणतात. आपल्याकडे पगार आणतो एक, पण महिन्याचा हिशेब घरातल्या मोठ्यांसमोर ठेवतो, तसंच काहीसं.

पण मध्ये ती मोठी माणसंच नव्हती. २०१७ साली निवडलेल्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. प्रभागरचना आणि आरक्षणाचे वाद न्यायालयात अडकले, निवडणूक पुढे पुढे गेली, आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक म्हणून आयुक्तच होते. अंदाजपत्रक मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. हे एका माणसाचं चांगलं-वाईट नव्हे. वही एकच हात लिहितो आणि तोच तपासतो, तेव्हा चूक झाली तरी दिसणार कुणाला? अखेर १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. २२७ जागांपैकी निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे ११४ जागा, बायकांसाठी राखीव होत्या. मावशींनी मत दिलं. मीही दिलं. दोघींच्या बोटाला शाई सारखीच लागली.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण काकांचा नियम एके काळी खरोखरच कायदा होता! १८६५ साली मुंबईला पहिले म्युनिसिपल कमिशनर मिळाले, आर्थर क्रॉफर्ड. हो, क्रॉफर्ड मार्केटवाले, आजच्या महात्मा फुले मंडईचे. त्यांनी शहर झपाट्यानं सुधारलं, पण खर्चही तसाच केला, आणि १८७१ साली करदाते संतापून उठले. त्यातून १८७२ चा कायदा आला. ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे. म्हणजे जो भरतो त्यालाच मत. भाड्याच्या खोलीतली मोलकरीण, गिरणीकामगाराची बायको, कोळीण, यांचा प्रश्नच नव्हता. बायकांनी १९२० नंतरच्या दशकात सभागृहात पाऊल टाकलं, अवंतिकाबाई गोखले, सरोजिनी नायडू त्यांत होत्या. आणि १९४८ साली प्रौढ मताधिकारानं निवडणूक झाली तेव्हा कुठे करपावती आणि मत यांची फारकत झाली. आपली उपनगरं तर १९५० आणि १९५७ साली पालिकेत आली. १९६१ साली गोरेगावातून मृणाल गोरे निवडून आल्या. त्यांनी नळाच्या पाण्यासाठी असा लढा दिला की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. त्यांच्यामागे चालणाऱ्या बायकांपैकी कितीजणींच्या नावावर घर होतं, हे कुणी विचारलं नाही.

असो. वहीतली माहिती झाली, आता घरातल्या कामाचं सांगते. कापून डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवलंत तरी चालेल.

एक, घरपट्टीचं आणि पाण्याचं बिल वर्षातून एकदा तरी स्वतः वाचा. घर पाचशे फुटांच्या आत असेल तर माफी लागली आहे ना, हेही पाहा. चटईक्षेत्र धरतात, बाहेरचं माप नव्हे.

दोन, तुंबलेलं गटार, पडलेलं झाड, फुटलेली वाहिनी यांसाठी पालिकेचा १९१६ हा दूरध्वनी आहे. तक्रार सांगितली की क्रमांक मागून घ्या आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. दुधाचा हिशेब लिहितो तिथेच.

तीन, नवीन काही हवं असेल, नळ, दिवा, शौचालय, तर अर्ज लेखी द्या. जुहूकरांचा वॉर्ड के-पश्चिम, कचेरी अंधेरी स्टेशनजवळ. अर्ज सहाय्यक आयुक्तांच्या नावे, एक प्रत नगरसेवकाला. अर्ज दोन प्रतींत न्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. याला म्हणतात पोच. पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही.

चार, महिना-दोन महिने वाट पाहून काही कळलं नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून विचारा की आमच्या अर्जाचं काय झालं. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे.

पाच, फेब्रुवारीत अंदाजपत्रकाच्या बातम्या येतात. भविष्य आणि पाककृतीआधी तेवढं पान वाचा. आपल्या वॉर्डासाठी काय धरलंय ते पाहा, आणि नगरसेविका भेटल्या की हळदीकुंकवातसुद्धा विचारा. तिळगूळही द्या आणि प्रश्नही.

मावशींना मी हे सगळं सांगितलं. शंभर रुपयांचा हिशेब त्यांना माझ्याहून लवकर समजला. "म्हणजे साबणातून बी जातात होय?" त्या म्हणाल्या, आणि हातातल्या वडीकडे बघत राहिल्या. गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही वस्तीतल्या सातजणींबरोबर वॉर्ड ऑफिसात गेलो. अर्ज मी लिहिला होता, पण दिला मावशींनी. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला. मावशींनी प्रत घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली, मग पुन्हा काढली, क्रमांक माझ्याकडून वाचून घेतला आणि पुन्हा ठेवली.

नळ अजून आलेला नाही. जागा पाहायला येतील, जलवाहिनीचा दाब बघतील, मग कळेल. सेक्रेटरीकाकांशीही बोलले. ते पटकन पटवून घेणाऱ्यांतले नाहीत. पण फाइल परत देताना मी शंभर रुपयांचा कागद आत ठेवला होता, आणि तो त्यांनी परत पाठवलेला नाही. पुढच्या सभेत चहा दुसऱ्या कुणीतरी करावा, असं मी ह्यांना आत्ताच सांगून ठेवलंय. मला त्या दिवशी बोलायचं आहे.

तुमच्या वॉर्डात असा एखादा अर्ज लिहिलात, तर पोच घ्यायला विसरू नका. आणि घेतलीत की मला जरूर कळवा.